बाराव्या नंबरचं काम

आमच्या घरी नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही जेमतेम तासभर, आणि घरात आम्ही माणसं अकरा. सोलापूरच्या भवानी पेठेतलं ते घर अरुंद आणि लांब. पुढे अप्पांचं भुसार मालाचं दुकान, मध्ये दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी न्हाणी. न्हाणी एकच, आणि तिच्या दाराशी तांब्याचा एकच बंब. शेजारच्या गल्लीतले माग सकाळी सातलाच सुरू व्हायचे. त्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून आमच्याकडे सगळेच मोठ्यानं बोलत. तुमची आई अजून म्हणते, "आई, फोनवर ओरडू नकोस, मी बहिरी नाही." ती सवय तिथली. मागांचा आवाज, त्यावर अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापायची तो थप-थप आवाज, आणि त्या दोन्हींवरून जाणारा मोठ्या काकूचा आवाज, अशी माझी सकाळ सुरू व्हायची. जोंधळ्याच्या गरम भाकरीवर शेंगांची चटणी आणि दही घेऊन मी चुलीजवळ बसायची आणि माझ्या अंघोळीची पाळी केव्हा येते त्याची वाट बघायची.

पाळी मोठी काकू ठरवायची. तिला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, घड्याळही ती क्वचितच बघायची. पण कुणी कधी अंघोळीला जायचं हे फक्त तिलाच ठाऊक असे आणि ते रोज बदलत असे. ज्याला लवकर बाहेर पडायचं तो आधी. ज्याचं पाणी काल कमी पडलं त्याला आज पुढे. धाकटे काका न्हाणीत शिरले की अर्धा तास बाहेर येत नसत, म्हणून त्यांना ती मागे मागे ढकलायची, पण फार मागे गेले की आपणच म्हणायची, "आता जावा भाऊजी, लई थांबलासा." मी इंग्रजी शाळेत शिकलेली, वहीला समास आखून तारीख टाकणारी मुलगी. मला हा सगळा गोंधळ वाटायचा. दहावीच्या वर्षी मी एक तक्ता तयार केला: अप्पा पहिले, मग मोठे काका, मग असं करत करत शेवटी आम्ही मुली. पट्टीनं रेघा मारल्या, वयाप्रमाणे नावं घातली आणि तो न्हाणीच्या दारावर चिकटवला. काकूनं तो माझ्याकडूनच वाचून घेतला. मग म्हणाली, "नंदव्वा, उद्या पाहुणं आलं नाहीतर कुणाला ताप आला, तर तुझा कागद उठून पाणी तापवणार हाय का?" दुसऱ्या दिवशी त्याच कागदानं तिनं बंब पेटवला. मला फार राग आला. शिकलेल्या माणसाची कदर नाही असं वाटलं, आणि ते वाटणं मी बरीच वर्षं जपून ठेवलं. आज सांगायला लाज वाटत नाही, कारण पुढची गोष्ट त्याहून लाजेची आहे.

बी.एस्सी. झाल्यावर मी पुण्याला मावशीकडे राहून संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि परत आल्यावर आमच्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ऑपरेटर म्हणून लागले. सोलापुरात संगणक म्हणजे तेव्हा लोक बघायला यायचे. यंत्र एकच, फडताळाएवढं, थंडगार काचेच्या खोलीत ठेवलेलं. त्याला आठ पडदे जोडलेले, म्हणजे आठ माणसं एका वेळी त्यावर काम करू शकत. प्रिंटर मात्र एकच. चपला बाहेर काढून आत जायचं. बाहेर बेचाळीस डिग्रीचं ऊन आणि आत मी स्वेटर घालून बसलेली. अव्वाला हे पटायचंच नाही. तिला वाटायचं मी ताप लपवते आहे.

त्या खोलीचे प्रमुख बनसोडे सर. ते वैरागचे, बौद्ध घरातले; वडील तिथल्या बाजारात पोती वाहायचे. सर शिष्यवृत्तीवर शिकले, मुंबईला जाऊन आले आणि आईसाठी परत आले. उंच, सावकाश बोलणारे. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण एखादी गोष्ट दुसऱ्याला समजेपर्यंत न कंटाळता थांबणारा असा माणूस पुन्हा भेटला नाही. यंत्र एका वेळी आठ जणांचं काम कसं करतं हे त्यांनीच मला शिकवलं. खरं तर ते एका क्षणी एकाचंच काम करतं, ते म्हणाले. जे काम चालू आहे त्याला प्रोसेस म्हणायचं. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोसेसला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ देते, मग ती थांबवते, दुसरीला देते, मग तिसरीला. फिरतं इतकं भराभर की प्रत्येकाला वाटतं यंत्र आपलंच आहे. आता पुढे कुणाला द्यायचं? त्यासाठी प्रत्येक कामाला एक नंबर असतो. आमच्या यंत्रावर नंबर जितका लहान, तितकी पाळी आधी. आणि गंमत अशी, की हे नंबर स्थिर नसत. जे काम वेळ फार खातं त्याचा नंबर वाढवून सिस्टीम त्याला आपोआप रांगेत खाली ढकलायची. जे वाट बघत राहिलंय त्याला हळूहळू वर आणायची. कुणी कितीही मागे असो, थांबून थांबून त्याची पाळी यायचीच. मी हे सगळं वहीत स्वच्छ उतरवून घेतलं. मोठी काकू मात्र मला तेव्हा आठवली नाही.

(तुमच्या फोनमध्येही आज हेच चाललेलं असतं, फक्त आणखी बारीक. एकेका प्रोसेसच्या पोटात पुन्हा अनेक थ्रेड असतात, म्हणजे एकाच कामाचे वेगवेगळे दोरे, आणि प्रत्येक दोऱ्याचा नंबर वेगळा. तुम्ही बोट फिरवता तेव्हा पडदा हलवणारा दोरा पुढे असतो आणि मागे फोटो चढवणारा थांबतो. व्हिडिओ कॉलवर माझा आवाज येतो आणि चेहरा गोठतो, तेव्हा तुम्ही हसता. मी मात्र विचार करत असते, आत कुणी कुणाला पुढे जाऊ दिलं असेल.)

सिस्टीमवर आणखी एक सोय होती. ऑपरेटरला वाटलं तर तो एखाद्या कामाला कायमचा नंबर देऊ शके. मग ते काम वर-खाली व्हायचं नाही. सरांनी बजावलं होतं, "ही सोय आणीबाणीसाठी. रोज वापरायची नाही." परीक्षांचे दिवस आले, खोलीत गर्दी वाढली. प्राध्यापक एकमेकांवर कुरकुरू लागले, ऑफिसातून चिठ्ठ्या येऊ लागल्या. नेमक्या त्याच वेळी सरांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते चार दिवसांच्या रजेवर वैरागला गेले. बुधवारी सकाळी मी एकटी. खोली नीट लावून दाखवायची ही संधी आहे असं मला वाटलं. मी तक्ता केला. प्राचार्यांच्या कार्यालयाचं काम पहिला नंबर, रजिस्ट्रार दुसरा, विभागप्रमुख, मग प्राध्यापक, मग व्याख्याते, असं करत विद्यार्थ्यांचे वर्ग. आणि ज्यांचं काम कुठल्याच खात्यात बसत नाही अशा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवाल्यांना बारावा नंबर. सगळे नंबर कायम. आमच्या लग्नात पंगती बसतात तशा: मानकरी आधी, मग पाहुणे, मग घरचे, मग जे उरतील ते. लाल-निळ्या शाईनं तो तक्ता लिहून काचेच्या दारावर लावला. रजिस्ट्रार हिरेमठ साहेब येऊन बघून गेले. ते मैंदर्गीचे, आमच्यासारखेच घरी कानडी बोलणारे. म्हणाले, "शिस्त म्हणजे अशी पाहिजे. बनसोड्यांना जमलं नसतं हे." मला ते आवडलं, हे मी लपवत नाही.

बाराव्या नंबरची एकच विद्यार्थिनी होती, अरुणा. तेलुगू विणकरांच्या घरातली. वडील चादरीच्या मागासाठी नक्षीचे पुठ्ठे तयार करायचे. चौकटीच्या कागदावर मोर काढायचा, मग एकेका ओळीसाठी कुठले दोरे वर उचलायचे ते बघून पुठ्ठ्याला हातानं भोकं पाडायची. एका चादरीला महिना लागे. दोरा फार लांब मोकळा सुटला तर तो चादरीवर लोंबतो, बांगडीत अडकतो, म्हणून मध्येमध्ये त्याला टाका द्यावा लागतो, आणि ते सांभाळताना मोराची मान वाकडी होते. अरुणानं या सगळ्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. तीनशेवीस ओळींची चादर. एकेका ओळीसाठी प्रोग्रॅम पुष्कळ मांडण्या करून बघे, चांगली सापडली की ओळ छापे आणि पुढच्या ओळीकडे वळे. आमची डिस्क लहान, त्यामुळे लांब छपाई साठवून ठेवायला जागा नव्हती. असा प्रोग्रॅम सुरुवातीलाच प्रिंटर ताब्यात घ्यायचा आणि संपल्यावर सोडायचा. एरवी हे काम तीन तासांत व्हायचं. तो मोर घेऊन तिला शनिवारी चार वाजता बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे उभं राहायचं होतं. छापील नक्षी नसेल तर प्रोजेक्ट नापास, प्रोजेक्ट नापास तर वर्ष गेलं. आणि घरी तिनं सांगितलेलं होतं, या वर्षी संपतं म्हणून. धाकट्या दोघी बहिणी आधीच शाळा सोडून विड्या वळायला बसल्या होत्या. अरुणानं हे मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं, तेही तक्रार म्हणून नाही.

गुरुवारी तिनं सकाळी काम लावलं. संध्याकाळी यंत्र बंद करायची वेळ झाली तेव्हा साठ ओळी झाल्या होत्या. यंत्र बंद केलं की चालू काम जातंच. शुक्रवारी पुन्हा पहिल्या ओळीपासून, संध्याकाळी सत्तर. "आज काय झालंय यंत्राला, मॅडम?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "गर्दी आहे." खरं तर वरच्या अकरा नंबरांतलं कुणी ना कुणी दिवसभर हजर असे, आणि बाराव्याला कधीतरी ते चहाला उठले तरच वेळ मिळे. त्या दोन दिवसांत छापायचं दुसऱ्या कुणाचं काम निघालं नाही, म्हणून बाकी कुणाचं अडलं नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर दिसत होतं आणि मला ते शिस्तीत चाललंय असं वाटत होतं.

शनिवारी ती साडेआठलाच दारात उभी. काम लावलं. दहा वाजता हिरेमठ साहेबांनी प्राचार्यांच्या कार्यालयातून परीक्षेच्या बैठक व्यवस्थेचं काम पाठवलं: सोमवारपासून कुठल्या खोलीत कोणता क्रमांक बसणार याच्या याद्या. मी पहिला नंबर दिला आणि निश्चिंत झाले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, यादी येईना. पडद्यावर दिसे: पहिला नंबर, थांबलेला. पहिल्याच्या वर तर नंबरच नव्हता, आता त्याला आणखी काय देणार! प्रिंटर मध्येच एक ओळ खटखट करून छापे आणि पुन्हा गप्प होई. सव्वाबाराला हिरेमठ साहेब स्वतः आले. त्यांच्यामागे आमचे शिपाई मौलाचाचा, हातात खळीचा डबा आणि कुंचा, भिंतीवर याद्या डकवायला.

"काय हो मॅडम, यादी विणताय का छापताय?"

"साहेब, पहिला नंबर दिलाय. का थांबलीय कळत नाही."

"शनिवार हाय. दोनला शिपाई घरी जातात. मग मी चढू का शिडीवर?" त्यांनी प्रिंटरकडे पाहिलं. कागदावर मोराचे पाय आणि पोटाची सुरुवात आली होती. "हे काय हाय? कोंबडी?"

"मोर हाय, सर," अरुणा म्हणाली.

"हे कुणाचं काम?"

"माझं."

"नंबर किती?"

"बारावा."

"मग बंद करा की ते! प्राचार्यांच्या कामाला कोंबडी आडवी येती म्हणजे काय?"

अरुणा माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, तेवढं बंद नका करू. परत पहिल्यापासनं लागतंय. चारला परीक्षक हायत."

मौलाचाचा खळी ढवळत म्हणाले, "साब, बच्ची का साल जाएगा."

"तू गप रे मौला, तुझी खळी वाळल."

मी घाबरले. अर्ध्या तासात काय ते करते असं म्हणून वैरागला ट्रंक कॉल लावला. तुम्हाला ट्रंक कॉल ठाऊक नाही. परगावी बोलायचं तर एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवून वाट बघायची. साधा कॉल असेल तर दिवस जाई. अर्जंट लावला तर काही तासांत. लायटनिंग लावला तर इतर सगळ्यांच्या पुढे. मी लायटनिंग लावला. सरांच्या घराजवळच्या किराणा दुकानात फोन होता. दुकानदारानं हाक मारल्याचं ऐकू आलं, "ओ बनसोडेसायेब, सोलापूरचा फोन हाय!" आणि मग बऱ्याच वेळानं धापा टाकत सर आले. तीन मिनिटं मिळत. त्यातलं एक हाका मारण्यातच गेलं होतं.

मी भराभरा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पहिला नंबर कशासाठी थांबलाय?"

मी पडद्यावरची नोंद वाचली. "प्रिंटरसाठी."

"प्रिंटर कुणाकडं आहे?"

मी मान वळवून प्रिंटरवरच्या मोराकडे पाहिलं.

"मॅडम, प्रिंटर कुणाकडं आहे?"

"बाराव्याकडे."

"मग बाराव्याचं काम पुढं का सरकत नाही?"

"मधले... मधले सगळे त्याच्या आधी आहेत."

"नंबर तर आपोआप बदलतात. बारावा इतका वेळ खालीच कसा राहिला?"

"मी कायम केले, सर. सगळे." त्यांचा आवाज रागावलेला मुळीच नव्हता: "तर मग पहिल्याला सोडवायचं असेल तर कुणाला..." आणि ऑपरेटरबाईंनी तीन मिनिटं झाली म्हणून सांगितलं, लाइन गेली.

वाक्य अर्धं राहिलं, पण पुरेसं होतं. फोन हातात धरून मी उभी होते आणि माझ्या तक्त्यावरून पहिल्यांदा डोळे खालून वर गेले. प्राचार्यांचं काम अडलं होतं अरुणापाशी. अरुणाचं अडलं होतं मधल्या दहा जणांपाशी. म्हणजे त्या दोन तासांत माझ्या त्या सुंदर रांगेत प्राचार्य प्रत्यक्षात बाराव्या पंगतीला बसले होते, आणि ते मीच केलं होतं. बारावं काम मारून टाकलं तर यादी लगेच सुटेल. सगळ्यांना ते सोपं वाटलं असतं, तक्त्याप्रमाणेही झालं असतं, आणि अरुणाचं वर्ष गेलं असतं. दुसरा मार्ग एकच होता. ज्याच्यासाठी पहिला थांबलाय, त्याला पहिल्याचाच मान द्यायचा.

मी खुर्चीत बसले आणि अरुणाच्या कामाचा नंबर बारावरून एक केला. मधल्या कुणाच्याही आधी तेच चालेल असं केलं.

हिरेमठ साहेब खांद्यावरून वाकून बघत होते. "अहो, काय करताय? त्या पोरीला प्राचार्यांच्या बरोबरीनं बसवलंत?"

"होय, साहेब."

"कुणाला विचारून?"

"तिचं आवरलं की प्रिंटर सुटेल, आणि त्याच क्षणी तुमची यादी सुरू होईल. तीन वाजायच्या आत. शिपायांना तेवढं थांबवून घ्या."

"आणि नाही झालं तर?"

"तर सोमवारी माझ्या जागी दुसरं कुणी बसवा." हे म्हणून मी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि प्रिंटरकडे वळले.

प्रिंटर बोलायला लागला. मघाशी पाच-पाच मिनिटांनी एक ओळ यायची, आता ओळीमागून ओळ. पडद्यांवर बसलेली माणसं एकेक करून मान वर काढू लागली. "मॅडम, माझं हलेना." "माझं पण." दोन प्राध्यापक रागानं उठून चहाला गेले, आणि मी मनात म्हटलं, बरं झालं. मोराचं पोट पूर्ण झालं, मान सुरू झाली. अरुणा प्रिंटरजवळ जमिनीवर उकिडवी बसून येणारा कागद घड्या घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं, "अरुणा, दोन दिवस तुझं काम अडकलं ते यंत्रामुळे नाही. मी लावलेल्या नंबरांमुळे."

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. घडी घालणं थांबलं नाही. "दारावरच लावलंय की मॅडम तुमी. मोठ्या अक्षरात. वाचता येतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बाराव्या नंबरानं कुणाला बोलायचं?" मग माझा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं. हसून म्हणाली, "आता बोलले की. कागद धरा तेवढा, वाकडा जातोय."

मी कागद धरला. या वयात, इतक्या माणसांचं बोलणं ऐकून झाल्यावरही, मला त्या मुलीच्या त्या दोन वाक्यांइतकं नेमकं उत्तर कुणी दिलेलं आठवत नाही. त्यात रडणं नव्हतं आणि माफीही नव्हती. काम चालू होतं.

दोनला वीस मिनिटं कमी असताना मौलाचाचांनी खळीत पाणी घातलं. सव्वादोनला तुरा आला. अडीचला मोराभोवतीची किनार संपली आणि प्रिंटरनं एक क्षणही न थांबता पुढच्याच पानावर छापायला घेतलं: खोली क्रमांक एक. कागद अखंड होता. मोराची शेवटची ओळ आणि प्राचार्यांच्या यादीची पहिली यांच्यामध्ये फक्त टोचलेल्या भोकांची रेघ. अरुणा फाडायला गेली तर घाईत कागद तिरका ओढला जाऊ लागला. हिरेमठ साहेब पुढे झाले. त्यांनी चष्मा वर केला, नखानं रेघेवरून घडी पाडली, एकीकडून दाबून धरलं आणि सावकाश, जरासुद्धा न फाटता तो कागद वेगळा करून दिला. मग किनारीकडे बघत म्हणाले, "दोरा कुठं लोंबायचा न्हाई ना यात?"

"न्हाई सर. बघितलंय सगळं."

"आमच्या अव्वाच्या बांगडीत अडकायचा दर वेळी," एवढंच ते म्हणाले आणि यादीकडे वळले.

चार वाजता अरुणा मोर घेऊन परीक्षकांपुढे गेली. पाचला बाहेर आली ती माझ्याकडे न येता आधी मौलाचाचांकडे गेली, ते अजून भिंतीवर याद्या डकवत होते. त्यांची आनंदाची आरोळी मला काचेच्या आत ऐकू आली, त्यावरून मला निकाल कळला. त्या दिवशी घरी जाऊन मी काकूला सगळं सांगितलं. ती भाकरीचं पीठ मळत होती. "आता, आंघोळीला भाऊजी आत असले आनि अप्पा बाहेर खोळंबले, तर मी काय करती?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "काय?" "सगळ्यांचं गरम पानी भाऊजीस्नी देती. त्याबगर ते बाहेर येतील का?" बावीस वर्षं हे रोज माझ्यासमोर घडत होतं.

सोमवारी सर परत आले. आईचा डोळा चांगला झाला होता. मी त्यांना तक्ता दाखवला; तो मी काढून टेबलावर ठेवला होता. त्यांनी शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचला. मला बोलणी हवी होती. ते म्हणाले, "अक्षर सुंदर आहे." मग तक्ता खाली ठेवत, "पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात काय येतं, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही, मॅडम. म्हणून मला ही सिस्टीम आवडते. ज्यांनी कुणी लिहिली त्यांनी शेवटच्या पानाचा विचार करून ठेवलाय." एवढंच. पुन्हा कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. हिरेमठ साहेबांपुढे तर नाहीच.

मी बसून एकेक कायम नंबर काढून टाकला. सरांनी शेजारी खुर्ची ओढली. "आता हात लावू नका. नुसतं बघा." खोली भरलेली होती. पडद्यावर कामांची यादी दर थोड्या वेळानं नवी होऊन येत होती. जे काम आत्ता भराभर चाललं होतं त्याचा नंबर हळूच खाली उतरे, त्याच्या जागी दुसरं येई. कुणी काही सांगत नव्हतं, कुणाची चिठ्ठी येत नव्हती. अगदी तळाशी एक काम होतं. प्रत्येक वेळी यादी नवी होई तेव्हा ते एक पायरी वर आलेलं असे: तळातून मधे, मधून वर. मी त्याच्याकडेच बघत होते. मग ते सगळ्यात वर पोचलं, त्याला त्याचा क्षण मिळाला, आणि ते पुन्हा निमूटपणे खाली जाऊन रांगेला लागलं. शेजारच्या रकान्यात ते कुणाचं आहे ते लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.